हंबीररावांचा कान

वडूजमध्ये पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक दोनच कामांसाठी येतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी किती घालायचं हे विचारायला, नाहीतर पोरीला सायन्सला घालायचं का हे विचारायला. त्यामुळे त्या दिवशी हंबीरराव दुखऱ्या गुडघ्यांनी माझा जिना चढून आले आणि "सर, ओहम म्हंजी काय असतंय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की चहा सांगायचंही मी विसरलो. तीस वर्षं वर्गात जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो एका लाउडस्पीकरवाल्याने विचारला.

हंबीरराव म्हणजे आमच्या तालुक्याचा कान. लग्न असो, कुस्त्यांचा फड असो, औंधची जत्रा असो, चाळीस वर्षं भोंगे त्यांचेच. दुसऱ्या कुणाचा साउंड असला तरी पहिला कान हंबीररावांचा, ही रीतच होती. स्पीकरपुढे नारळ फुटायचा, माइकवर कुणीतरी "हॅलो, हॅलो" करायचं, आणि हंबीरराव मशीनमागे उभे राहून, डोळे बारीक करून, मैदानाच्या पार टोकाकडे बघत राहायचे. मिनिटभराने बटण केसभर फिरवायचे आणि म्हणायचे, "हं." हे 'हं' आल्याशिवाय आमच्याकडे पुढारीसुद्धा बोलायला उठत नसत.

त्यांची बायको राहीबाई प्रत्येक ठिकाणी बरोबर असायची. पण तिला पुढे बसलेलं कुणी पाहिलं नाही. ती पार मागे, चपलांच्या ढिगापाशी, सारखी पदर सावरत उभी. बाई मोठी मर्यादेची, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला आणि हंबीररावांनी धंदा वीरधवल नावाच्या तरण्या गड्याच्या हवाली केला. त्यांचा मुलगा शंभूराज लष्करात सिग्नल्समध्ये हवालदार. तो सुट्टीवर आला तो एक मोठा हेडफोन घेऊन. "आबा, जन्मभर दुसऱ्यास्नी ऐकवलंसा, आता सोता ऐका," म्हणाला. हेतू चांगला होता, पण हेडफोन मोबाईलला लावला तर भजन शेजारच्या गावात चालल्यासारखं बारीक ऐकू येई. डब्यावर लिहिलं होतं, तीनशे ओहम. तेच विचारायला हंबीरराव आले होते.

मी त्यांना विहिरीचं उदाहरण दिलं. विहीर खोल आणि मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, मग पाणी वर कसं येईल? हेडफोन खोल विहीर, मोबाईल ती मोटर. मध्ये जोराची मोटर पाहिजे, म्हणजे अँप्लिफायर. खटाव तालुक्यात खोल विहीर समजावून सांगावी लागत नाही. हंबीरराव लगेच म्हणाले, "म्हंजी आमचाच धंदा की." मी म्हणालो, तुमचाच, फक्त मैदान दोन कानांच्या मधलं.

शंभूराजने पुण्याच्या एका दुकानातून तीन अँप्लिफायर धाडले. सात दिवस घरी ऐका, एक ठेवा, दोन परत करा, अशी बोली. एक रुपेरी आणि चांगला जड. दुसऱ्यावर काचेचे दोन दिवे, चालू केला की देव्हाऱ्यासारखा उजळायचा. तिसरा काळा, चपटा, चुन्याच्या डबीहून थोडा मोठा. हंबीररावांनी तिन्ही बाजेवर मांडले आणि एकेक हाताने उचलून पाहिला. "आमच्यात मशीन आदी तोलून बगत्यात," ते म्हणाले. "ज्येला वजान त्येच्यात दम." मग काळी डबी उचलली आणि ठेवून दिली. "ह्यो तर मोबाईलचा चार्जर हाय." वायर जोडायच्या आधी निकाल लागला, रुपेरी. वीरधवल तिथेच होता. संध्याकाळपर्यंत त्याने रुपेरी अँप्लिफायरचा फोटो स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'आबांचा कान, विषय संपला'.

विषय संपला असता तर मी हे लिहीत बसलो नसतो. मी रोज सकाळी वही घेऊन जायचो. मी वहीत रकाने आखले होते: वरचे सूर, खालचे सूर, खरखर, दम. चार दिवस ते रकाने कोरे राहिले. हंबीरराव हेडफोन घालून भिंतीकडे बघत बसायचे आणि "जरा आजून ऐकतो" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी दिव्यांचा अँप्लिफायर बरा म्हणाले. का, तर "उजेड चांगला हाय." चौथ्या दिवशी तिन्ही सारखेच. मी चिडलो. तीनशे ओहमवर मी त्यांना जे व्याख्यान दिलं ते माझ्या हयातीतलं उत्तम असावं. ते त्यांनी हेडफोन न काढता ऐकलं.

दरम्यान गावात वेगळंच शिजत होतं. जत्रा आठ दिवसांवर आलेली. वीरधवलच्या मोबाईलवर आवाज मोजायचं एक अॅप होतं, आणि तो कमिटीला सांगत फिरत होता, आता कानाबिनाची गरज न्हाई, आबांस्नी गुडघ्याचा तरास, कशाला बोलवायचं? रोज दारावरून जाताना मात्र गोड आवाजात विचारायचा, "आबा, काय ठरलं व्हय?" हंबीरराव हसून हात वर करायचे. तो गेला की त्यांचा चेहरा उतरायचा. ज्याला बाजेवरच्या तीन डब्यांत फरक कळेना, त्याला मैदान कोण देणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी मी गेलो तर अंगणात अजब दृश्य. ह्या टोकाला बाजेवर हंबीरराव, डोक्यावर हेडफोन, बोटं बटणावर. त्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी राहीबाई उभी. हंबीरराव डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होते, मैदानाकडे बघायचे तसेच.

"आवं, मला हितं काय ऐकू यायचंय?" राहीबाई तिकडून म्हणाली. "आवाज तुमच्या डोस्क्यात हाय!"

हंबीररावांनी हेडफोन काढला. मग मला बघितलं आणि तो मांडीवर ठेवून उगाच वायर गुंडाळायला लागले.

मी पदार्थविज्ञानाचा माणूस, पण त्यांच्या कानांचंच काहीतरी बिघडलंय इतकं मलाही दिसलं. मी बाजेच्या कडेला बसलो. वायर गुंडाळून झाल्यावर ते म्हणाले, "सर, रहिमतपूरला एका लग्नात भोंगा डाव्या कानापाशी फाटला. सत्तावीस सालं झाली. तवापासनं दोन्ही कानांत रातकिडं हायत. मोटा आवाज येतो, बारीक काय बी न्हाई."

"मग जत्रेत?"

त्यांनी टाकीकडे बोट केलं. "ती मागं हुबी ऱ्हायची. हात कमरंवर ठिवला की आवाज लय झाला. पदर खांद्यावर पाडला की आजून जमलं न्हाई. पदर डोस्क्यावर घेतला की बराबर."

म्हणजे तालुक्याचा कान चाळीसपैकी सत्तावीस वर्षं चपलांच्या ढिगापाशी उभा होता आणि आम्ही त्याच्या मर्यादेचं कौतुक करत होतो. मला स्वतःची लाज वाटली. राहीबाई तोवर पदराला हात पुसत आमच्याजवळ आली होती. मी हेडफोन तिच्यापुढे धरला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"घाल की," ते म्हणाले. "सर आपलंच हायत."

नथ चाचपून, अंबाडा जरा वर करून तिने हेडफोन घातला. मी गाणं लावायला गेलो तर म्हणाली, "आदी काय बी लावू नगा." नुसता रुपेरी चालू करून तिने डोळे मिटले. "ह्येच्यात फोडणी बसल्यावानी चुरचुर हाय." दिव्यांच्या अँप्लिफायरमध्ये कमी होती, पण होती. काळ्या डबीत नव्हतीच. मग म्हणाली, "आता लावा. पर तिन्हीचा आवाज येकसारका करा. मोटं केलं की समद्यांस्नी ग्वाडच लागतंय, त्येला काय आर्थ न्हाई." ही गोष्ट मी अकरावीच्या पोरांना कधी शिकवू शकलो नव्हतो.

शंभूराजने एक जुनं भजन भरून दिलं होतं, कुणा बाईच्या आवाजातलं. राहीबाईने ते तिन्हींवर ऐकलं. काळ्या डबीवर ऐकताना तिचा हात हळूच गालाकडे गेला.

"काय झालं गं?" हंबीररावांनी विचारलं.

"ही बाई गायच्या आदी श्वास घेती," ती म्हणाली. "मी येवढ्या जवळनं कवा ऐकलंच न्हाई वो."

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला आणि राहीबाईने घाईने हेडफोन काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. वीरधवल होता. दुकानाची गाडी दहाला येणार, रुपेरी सोडून बाकीच्या दोन्ही डब्या पॅक करू का, असं विचारायला आलेला.

"रुपेरी परत जाऊ दे," हंबीरराव म्हणाले.

"आं? आबा, मी स्टेटसला..."

"काडून टाक स्टेटस. वजनावर मशीन घेतोस व्हय रं? त्यात चुरचुर हाय. ह्या काळ्यात गाणाऱ्या बाईचा श्वाससुदिक ऐकू येतोय. त्वा ऐकलास कदी, तुज्या अॅपवर?"

वीरधवल त्या चपट्या डबीकडे बघत राहिला. मग त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "आबा, जत्रंला सकाळी लौकर याल न्हवं? नारळ तुमच्याच हातनं फोडू." दोन्ही खोकी घेऊन तो गेला. राहीबाई चुलीकडे वळलेली होती, तिला याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मला वाटलं. मी तोंड उघडणार होतो, पण हंबीररावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली.

राहीबाई परत फिरली. तिने मांडीवरचा हेडफोन उचलला आणि आपल्या हातांनी त्यांच्या कानांवर बसवला. "आता तुमी ऐका," ती म्हणाली. "अगदी सुरवातीला हाय बगा."

हंबीरराव ताठ बसले. डोळे मिटले, मान जराशी कलती केली. त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

"व्हय," ते म्हणाले. "घेती की श्वास. काय ग्वाड घेती."

गाणं मी अजून परत लावलंच नव्हतं. मोबाईल माझ्या हातात होता, अंगठा तसाच वर. राहीबाईने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे. ती दोन पावलं मागे सरली, आणि ते डोळे उघडेपर्यंत थांबली. ते उघडल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला.

"हं," हंबीरराव म्हणाले.

मग मी गाणं लावलं.