वरून कुठून तरी येणारं तेल

केस पांढरे झाले, गुडघे वाजायला लागले, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. गॅरेज दोघा भावांनी मिळून काढलं होतं. इंजिनाचं काम थोरल्याकडे, बाकीचं धाकट्याकडे. थोरला गेल्यावर सगळंच धाकट्याच्या अंगावर आलं, पण लोकांच्या तोंडातलं नाव काही सुटलं नाही.

थोरला गेला तो गाडीखालीच. एका हिरव्या डिझेल गाडीचं ऑइल गळत होतं. ती जॅकवर चढवून तो खाली सरकला होता. धाकटा बाजूला पाना पुसत उभा होता. खालून थोरल्याचा आवाज आला, "खालून नाहीये रे हे. वरून कुठून तरी—" आणि जॅक सटकला.

वाक्य अर्धंच राहिलं. पुढे गाडीच्या मालकाने गाडी नेली, विकून टाकली. धाकट्याने जॅक भंगारात दिला आणि खांबांची लिफ्ट बसवून घेतली. पण गाडी वर चढवून तो खाली उभा राहिला की कानाशी तोच आवाज यायचा. दमलेला, जरासा चिडलेला, अगदी ओळखीचा. कधीकधी धाकटा भान न राहून मोठ्याने विचारायचा, "वरून कुठून?" गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसायची. म्हातारा स्वतःशी बोलतो, त्यांना वाटायचं.

एका दुपारी एक नर्सबाई गाडी घेऊन आल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करायची, हे त्यांचं काम. गाडीवाचून त्यांचं पानही हलत नव्हतं.

"जिथे उभी करते तिथे काळा डाग पडतो हो, दादा," त्या म्हणाल्या. "लोक दारात गाडी लावू देत नाहीत. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले, पहिल्यापासून अशीच आहे. दोन ठिकाणी दाखवली. क्रँकचं सील बदललं, खालच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग बदललं. डाग आहे तिथेच आहे."

"ठेवून जा. बघतो."

गाडी राखाडी रंगाची होती. धाकट्याने ती लिफ्टवर घेतली, लॉक पडल्याचा खटका ऐकला, तरी सवयीने लॉक हाताने चाचपून पाहिलं. मग तो खाली गेला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे तेलाचा थेंब लोंबत होता. त्याने बॅटरी फिरवली आणि दाराखालच्या पट्टीवर उजेड पडला. जॅक लावायची जागा आत चेपलेली होती. कुणीतरी ती ठोकून सरळ करायचा प्रयत्न केला होता. राखाडी रंगाचा पोपडा उडाला होता आणि खाली जुना हिरवा रंग दिसत होता.

धाकट्याने बॅटरी विझवली. तो बाहेर आला, नळाखाली डोकं धरलं आणि तसाच ओल्या केसांनी पायरीवर बसला.

वहिनी वरच्याच खोल्यांत राहायची. चहाचा कप घेऊन ती जिन्याने खाली उतरली आणि अर्ध्यावर थबकली. तिला हिरवा रंग दिसला नसेल, पण धाकट्याचं तोंड दिसलं.

"तीच का हो, भाऊजी?"

त्याने मान हलवली.

वहिनी उरलेल्या पायऱ्या उतरली. मग तिने चहा त्याच्या हातात दिला. "परत पाठवणार आहात?"

"हात चालणार नाही माझा, वहिनी."

"आणि दुसऱ्या कुणाच्या हाताने ते सापडणार आहे होय? गळतंय अजून. इतकी वर्षं गळतंय." तिने भिंतीकडचं स्टूल ओढलं आणि गाडीसमोर ठाण मांडलं. "मी इथे बसते. तुम्ही करा."

धाकटा उठला. तेलाने माखलेल्या इंजिनावर गळती शोधायची म्हणजे तुडवलेल्या चिखलात एकच पाऊल शोधण्यासारखं. म्हणून आधी गाडी खाली उतरवून, ब्रश आणि डिझेल घेऊन त्याने इंजिन वरून खालपर्यंत धुतलं, फटीफटीत हवा मारली, कोरडं केलं. मग वहिनीला म्हणाला, "तुमची पावडर द्याल का?"

"तोंडाची?"

"हो, तीच."

वहिनीने डबा आणून दिला. त्याने इंजिनाच्या मागच्या अंगाला पावडर भुरभुरली. सगळं पांढरंफेक झालं. गॅरेजमध्ये डिझेलचा आणि गुलाबाचा असा एकत्रच वास सुटला.

"त्यांना शिंक आली असती," वहिनी म्हणाली.

गाडी सुरू करून त्याने इंजिन चांगलं तापू दिलं. लिफ्ट पुन्हा वर गेली. तो खाली उभा राहिला. क्रँकच्या सीलपाशी पावडर तशीच कोरडी होती. चेंबरची कडाही कोरडी. आणि मग पांढऱ्यावरून एक काळी रेघ हळूहळू खाली सरकत आली, जोडावर थांबली, तिथे थेंब फुगला.

"खालून नाहीये," धाकटा पुटपुटला. तेच शब्द आपल्या तोंडून निघताना त्याच्या अंगावर काटा आला. वहिनीने पदर मुठीत घट्ट धरला होता.

गाडी खाली घेऊन त्याने छोटा आरसा इंजिनाच्या मागे घातला. रेघ वर, आणखी वर जात होती. इंजिनाच्या अगदी वर, हेडच्या टोकाला ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप होता. रेघ त्याच्या बुडापासून निघाली होती. त्याने बोल्ट सैल करून पंप काढला. आतली रबरी रिंग चपटी होऊन काचेसारखी कडक झाली होती. बोटाने दाबली तर मोडलीच. इंजिनाची वाफ बाहेर सोडणारी नळीही काजळीने अर्धी तुंबली होती, म्हणून आतला दाब तेलाला बाहेर ढकलत होता.

त्याने नळी धुऊन मोकळी केली, दोन्ही पृष्ठभाग खरवडून पुसले, नवी रिंग तेलात बुडवून बसवली, पंप घट्ट केला, पेडल दाबून ब्रेक तपासले. मग पुन्हा पावडर, पुन्हा इंजिन, पुन्हा लिफ्ट. धाकटा खाली उभा राहून बघत राहिला. पांढरं पांढरंच राहिलं.

"पंपाची रिंग होती रे," तो वर बघत म्हणाला. "मागच्या टोकाला. तुझं बोट पोचतच आलं होतं."

कानाशी तो आवाज आला नाही. इंजिन तेवढं धडधडत होतं.

चढावर जोर देऊन बघायला हवं होतं. "मी येते," म्हणून वहिनी आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसली. गाव मागे पडलं, टेकडीचा रस्ता लागला. वहिनीचा एक हात दाराच्या दांडीवर होता, बोटं पांढरी पडली होती. वळणावर धाकट्याने जरा जोरात गाडी घेतली तशी ती म्हणाली, "तुम्ही तरी बरी चालवता. हे चालवायला लागले की मी डोळे मिटून घ्यायचे. इंजिनातलं सगळं कळायचं, पण गिअर टाकताना अख्खा रस्ता जागा व्हायचा."

धाकटा हसला. तीही हसली आणि हसता हसताच रडायला लागली. माथ्यावर गाडी थांबवून तो बाहेर उभा राहिला, तिचं आवरेपर्यंत.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. खाली वाकून त्यांनी कोरडी फरशी पाहिली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. धाकट्याने किल्ली दिली नाही. सांगावं की नाही, त्याला कळत नव्हतं. वहिनीनेच सांगितलं. जास्त काही नाही. ही गाडी, हीच जागा, माझे यजमान.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "अहो, मला काहीच ठाऊक नव्हतं..." पुढे केलेला हात मागे घेऊन त्या म्हणाल्या, "मी रोज जाणाऱ्यांच्या उशाशीच बसते, ताई. मला गाडीची भीती नाही वाटणार. पण तुम्हाला ती डोळ्यांसमोर नको असेल तर मी पुन्हा इकडे आणत नाही."

वहिनीने धाकट्याच्या हातातली किल्ली घेऊन त्यांना दिली.

"इकडेच आणा," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठे नेऊ नका. आणि बाई, येताना घाई असली तरी वर येऊन बसत जा जरा."