मावशीची खिडकी

आमचा दादा लग्नाचे व्हिडिओ जोडायचा. दुकान दीड खोलीचं. पुढे काउंटरवर मी, मागे पडद्याआड तो. तिथेच, लग्नांच्या फाइलींत लपवून, तो स्वतःची फिल्मही जोडत होता. रस्त्यासाठी ज्यांची घरं पाडली, त्यांना त्याने पाडापाडीआधी घरातच बसवून बोलतं केलं होतं. परवानगी मागितली असती तर कॅमेराच जप्त झाला असता.

तेव्हापासून त्याला जो तो खबऱ्या वाटायला लागला. चहावाला जरा रेंगाळला, की खबऱ्या. समोरचा न्हावी दोनदा हसला, तोही खबऱ्या.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुझं अजून ठरलं नाही," तो म्हणाला. हसलासुद्धा नाही.

एका दुपारी एक नवरदेव आपल्या लग्नाचा व्हिडिओ बघायला आला. लोक पडद्यावर आधी स्वतःला शोधतात. हा बाबा मात्र भिंती, कपाट, दार न्याहाळत बसला. मलाही खटकलं. तो गेला तसं दादाने शटर ओढलं.

"नवरदेव कसला! माग काढायला आला होता."

त्याने फिल्ममधले सगळे चेहरे धूसर केले, आवाज बदलले. मग खिडक्यांवरून घरं ओळखतील म्हणून मागचंही सगळं पुसलं. शेवटी मूळ चित्रीकरणच उडवायला निघाला. "एक प्रत तरी ठेव," म्हणून मी कानीकपाळी ओरडले. ऐकेल तर शपथ! सगळं उडवलंच.

पुढच्या आठवड्यात नवरदेव बायकोला घेऊन आला. तीच म्हणाली, "यांना स्वतःचं पोट पडद्यावर बघवत नाही हो. म्हणून भिंती बघत बसतात."

दादाचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आवरेना, आणि संताप तर त्याहून आवरेना.

फिल्म दाखवायचं मात्र कबूल केलेलं होतं. शटर अर्धं ओढून आम्ही फिल्ममध्ये बोललेल्या माणसांना बसवलं. शिवणकाम करणारी मावशी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या खुर्चीवर. संपल्यावर तिने विचारलं, "माझं कधी येणार?"

"येऊन गेलं, मावशी," दादा म्हणाला. " शिवणाबद्दल बोलत होत्या, त्या तुम्हीच."

"तो करडा डाग?"

"तुमच्याच काळजीपोटी केलं. कोणी ओळखलं असतं तर?"

"ओळखावं म्हणूनच तर बोलले रे!"

दादाने मान खाली घातली. मग उठून कॅमेरा काढला. "आत्ताच पुन्हा घेतो. चेहरा झाकणार नाही. बोला."

मावशीने केस सारखे केले, कॅमेऱ्यासमोर बसली आणि मागे वळून आमच्या दुकानाच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली.

"आणि माझी खिडकी? तिथेच मशीन असायचं माझं. ती कुठून आणशील?"

दादाने कॅमेरा बंद केला.