भाल्याला गोधडी

बीड जिल्ह्यातील तमाम नागरिकांस, माताभगिनींस आणि थोरामोठ्यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, साक्षात युद्ध हे सध्या परळीत, रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एका साध्या घराच्या बैठकीत झोपलेले आहे. तरी कृपया कोणीही मोठ्याने बोलू नये. हे निवेदन माझं नाही. आमच्या परळीच्या मामांचं आहे. पुष्कळ वर्षं ते हे येणाऱ्याजाणाऱ्याला ओठावर बोट ठेवून ऐकवत आले. आमच्या मामांएवढा भित्रा माणूस गोदावरीच्या काठापासून बालाघाटच्या डोंगरापर्यंत झाला नाही, आणि गंमत बघा, या माणसाची गाठ पडली ती युद्धाच्या देवाशी. तोही आपला नव्हे. प्राचीन रोमचा. नाव मार्स.

मामा शाळेत इतिहास शिकवायचे. इतर मास्तर इतिहास वाचून मुलांना झोपवत, मामा तो वाचून स्वतः घाबरत. रोमच्या एका जाड पुस्तकात त्यांना हा देव भेटला. तिथं म्हणे त्याचे भाले जपून ठेवलेले असत. ते आपोआप थरथरले की अख्खं शहर हवालदिल व्हायचं. आणि सेनापती लढाईला निघाला की आधी तिथं जाऊन भाला हलवायचा आणि ओरडायचा, ‘मार्स, जागा हो!’ झालं. मामांना जगाच्या इतिहासाची किल्ली सापडली. “भाचेराव,” ते मला म्हणाले, “जागा हो म्हणतात, याचा अर्थ एरवी तो झोपलेला असतो. आजवरची सगळी युद्धं कुणीतरी त्याला उठवलं म्हणून झाली. त्याचा तरी काय दोष? झोपमोड झाल्यावर कोण चिडत नाही?”

हे सगळं पुस्तकातच राहिलं असतं. पण तलवाड्याला, मामींच्या माहेरी, गोठ्याचं छप्पर उतरवताना आढ्यात एक भाला निघाला. मामींच्या आज्याचा. त्यानं त्याच्या जोरावर ज्वारीतली रानडुकरं पळवली होती. मामींनी तो मोठ्या मायेनं परळीला आणला आणि बैठकीच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवा टांगला. मामांच्या लेखी जिथं भाला तिथं मार्स, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते देवाला भीत, तसे मामींनाही भीत, आणि मामी जास्त जवळ होत्या. भाला राहिला. आणि घराच्या मागून औष्णिक वीज केंद्राकडे कोळशाची मालगाडी जाऊ लागली, की तो खिळ्यांवर बारीक आवाज करत थरथरायचा. मामा श्वास रोखून बसायचे. गाडी गेली, भाला थांबला, की म्हणायचे, “गाडीचंच होतं.” जणू डॉक्टरनं रिपोर्ट वाचून दाखवला.

एकदा गाडी नव्हती आणि भाला थरथरला. मी तेव्हा तिथंच चहा पीत होतो. दुपारची वेळ, बाहेर पत्र्यावर राखेचा थर, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि भिंतीवर ते लोखंड आपलं आपण कुरकुरतंय. खोटं कशाला सांगू, माझ्याही हातातली बशी वाजायला लागली. मामांनी मला स्टेशनवर पिटाळलं. तिथले साहेब म्हणाले, “मालगाडी सकाळीच गेली हो.” मी धापा टाकत परत आलो तेव्हा उलगडा झाला. दोन घरं सोडून बोअरचं मशीन लागलं होतं. मामा तसेच बनियनवर तिथं गेले आणि हात जोडून मशीनवाल्याला म्हणाले, “जरा हळू आवाजात खोदता का?” तो बिचारा मशीन बंद करून नुसता बघत राहिला.

या देवापायी घराची काय तऱ्हा झाली म्हणता! कुकर परसात, कारण शिट्टी नको. टीव्हीवरच्या बातम्या बिनआवाजाच्या. त्यात ती सीमेवरची गोष्ट सांगणारी माणसं नुसतीच तोंडं वासून हात उडवताना दिसत, आणि आवाज नसला की ती जास्तच भेसूर वाटत, हे मी अनुभवानं सांगतो. वरातीचा डीजे गल्लीच्या तोंडाशी आला की मामा ‘बंद करा’ म्हणत नारळ घेऊन आडवे. मार्च महिन्यात ते नवं काहीच करत नसत, कारण महिना त्याच्या नावाचा. “दहावीची परीक्षा मार्चात का येते, आता कळलं?” असं ते मला एकदा कानात म्हणाले. सुतारपक्षी या देवाचा लाडका. तो परसातल्या लिंबावर ठकठक करायला बसला, की मामा लिंबाखालून जात नसत. आणि संडास लिंबापलीकडे. मामी वैतागून सांगायच्या, “एका पाखराला भिऊन सर सकाळपासून पोट धरून बसलेत, बघा!”

मामींचा आवाज म्हणजे सिरसाळ्याच्या बाजारात हाक मारली तर परळीला ऐकू यावी असा. तो त्यांनी नवऱ्यासाठी कुजबुजीवर आणला होता. एकदा भाकरी वाढता वाढता त्यांनी विचारलं, “अवं, ह्यो तुमचा देव निस्त्या मारामाऱ्याच करतो का? दुसरा कामधंदा न्हाई त्याला?” मामा जरा नाइलाजानंच म्हणाले, “आहे. तिथले शेतकरी त्याला साकडं घालत. डुक्कर, मेंढा आणि बैल शेताभोवती फिरवायचे आणि म्हणायचे, पिकाला रोग लागू देऊ नको, गुराढोरांना सांभाळ, घरातल्या माणसांना सुखरूप ठेव.” मामींचा हात थांबला. “मंग ह्यो तर आमच्या आज्यावानी राखण्या हाय की! राखण्याला काहून भ्यायचं?” “हळू बोल,” मामा म्हणाले, आणि विषय तिथंच मिटला.

आणि अशा घरातला एकुलता एक मुलगा, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला, आमचा योगेश, काय झाला असेल? फौजी झाला! रोज पहाटे धावायला जायचा, ते तब्येतीसाठी, असं मामांना वाटत होतं. भरतीची बातमी आली तसं गल्लीत त्याचं फ्लेक्स लागलं, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, ढोल वाजला. मामा कुठं आहेत म्हणून मी आत गेलो. ते खुर्चीवर चढून भाल्याला गोधडी गुंडाळत होते. मामींनी शिवलेली, जुन्या लुगड्यांची, जाड गोधडी. लेकराच्या कानावर पांघरूण घालावं तशी ती सारखी करत, मागं न बघता म्हणाले, “बाहेर लई आवाज आहे रे.” एरवी शुद्ध बोलणाऱ्या मामांच्या तोंडून मी ‘लई’ पहिल्यांदा ऐकला. तेव्हा मला हसू आलं नाही.

पुढं ती गोधडी भाल्यावरच राहिली. योगेशचा फोन आला की मामा हळू आवाजात एकच विचारत, “तिकडं शांत आहे ना?” “शांत हाय, बाबा.” मग ते दिवसभर माणसात असत.

मध्यंतरी तो सुट्टीवर आला. त्याला मुलगी दाखवायची होती, म्हणून मीही गेलो होतो. सुट्टी अर्धीही झाली नाही तोच फोन आला. लगेच हजर व्हा. टीव्हीवर बिनआवाजाची माणसं पुन्हा हात उडवत होती, या वेळी जरा जास्तच. घरात कुणी कुणाकडे बघेना. मामी लाडू बांधत होत्या आणि लाडू फुटत होते. मामा भाल्यासमोर खुर्ची टाकून बसले होते, झोपलेल्या कुत्र्यापुढून माणूस जातो तसे अंग चोरून. गाडीची वेळ झाली, रिक्षा दारात आली. तेवढ्यात मामींच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी भाल्यावरची गोधडी ओढून काढली आणि योगेशच्या बॅगेत कोंबली.

“अगं, ती नको!” मामा उठलेच.

“तिकडं थंडी हाय,” मामी म्हणाल्या. “लोखंडाला कसली आली थंडी?”

योगेशनं ती भलीमोठी बॅग पाठीला लावली, मामींच्या पाया पडला, मामांच्या पाया पडायला वाकला, आणि उठताना बॅग भाल्याला लागली. भाला शहाबादी फरशीवर पडला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. पडला, उसळला, पुन्हा पडला, आणि मग कितीतरी वेळ नुसता घुमत राहिला. मामांनी दोन्ही हातांनी कान झाकले होते. रिक्षावाल्यानंही रिक्षा बंद केली. मागून मालगाडी जात नव्हती, बोअर चालू नव्हता, काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि घाबरायला दुसरं कारण न उरल्यामुळे आम्ही सगळे त्या एका लोखंडाकडे बघत उभे होतो. योगेश फौजी, पण तोही हलेना.

योगेश अजून तिकडंच आहे. फोन कधी येतो, कधी येत नाही. भाला आता खिळ्यांवर नाही. दाराच्या आत उभा आहे, टोक वर करून. कुकर स्वयंपाकघरात आला, टीव्हीला आवाज आला. आणि आमचे मामा, त्या मुलखातले सगळ्यांत भित्रे गृहस्थ, रोज सकाळी तोंड धुतलं की दोन्ही हातांनी तो भाला उचलतात आणि फरशीवर ठणकन आपटतात. मग दिवसभर दाराकडे बघत बसतात.

कारण त्या दिवशी, तो आवाज विरतो न विरतो तोच, इतकी वर्षं कुजबुजत आलेल्या आमच्या मामी कमरेवर हात ठेवून भाल्यापुढं उभ्या राहिल्या, आणि स्टेशनापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या, “उठलास न्हवं? मंग आता निजू नगंस! जा माझ्या लेकरासंगं, अन् त्याला घेऊनच माघारी ये!”