सोस्लान रशियन नव्हता

आज सोस्लानला रशियन म्हणून पुरायला निघाले होते.

इथे न्यूझीलंडमध्ये, पेनरोजच्या माझ्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं वेल्डिंग केलं त्याने. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बॉस, रशियन नाही. ओसेटियन."

कॉकेशसच्या डोंगरातले लोक. भाषा इराणी कुळातली, म्हणजे आपल्या मराठीची लांबची चुलतबहीण. पाइप मोजताना तो दोनला 'दुवॅ' म्हणायचा, दहाला 'दॅस'. मी कान टवकारायचो.

मागच्या ऑगस्टमध्ये, २००८च्या युद्धात, ओसेटियातल्या त्याच्या बहिणीच्या गावावर जॉर्जियाच्या तोफा चालल्या. स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, एका कामगाराने विचारलं, "तुम्ही रशियन इतके का भांडता?"

सोस्लान कप तसाच ठेवून मशीनकडे गेला.

त्या वेळी मी गप्प बसलो. तो राग माझा माझ्यावर.

म्हणून आज फ्युनरलवाल्याला कागदावर ठळक लिहून दिलं होतं. तरी हा सूटवाला माईकवर म्हणतो, "आवर रशियन फ्रेंड."

मी जागेवरून म्हटलं, "ओसेटियन."

"सेम पार्ट ऑफ द वर्ल्ड, राइट?"

"मग तू ऑस्ट्रेलियन."

त्याचं हसू गेलं.

बाजूच्या टेबलावर सोस्लानच्या मुलीने, मदिनाने, चीज भरलेल्या जाड पोळ्या ठेवल्या होत्या. एकावर एक, तीन.

मी उठून टेबलापाशी गेलो.

आमच्या अल्बनीच्या घराच्या वास्तुशांतीला तो अशाच तीन घेऊन आला होता. आईने एक उचलून आत ठेवली. "तीन वाढू नयेत रे बाबा."

सोस्लानचा चेहरा उतरला. "मदर, दोन म्हणजे घरात कुणी गेलंय."

तीन म्हणजे देव, सूर्य, पृथ्वी. मेलेल्याला सूर्य नाही, म्हणून त्याच्या दोन. आईने तिसरी निमूट परत आणली.

आता मदिनाला मी हे हळूच सांगितलं.

"डॅड नेहमी तीनच करायचे, अंकल."

"कारण इथे तुमच्या घरात आधी कुणी गेलंच नव्हतं, बेटा."

ती टेबलाकडे वळली. मग वरची पोळी स्वतः उचलली.

सूटवाला धावत आला. "एनिथिंग राँग विथ दॅट वन?"

पोळी तिने त्याच्याच हातात दिली आणि माईककडे गेली.

"माय फादर वॉज ओसेटियन. प्लीज रिपीट इट आफ्टर मी."

सगळा हॉल म्हणाला. स्मोकोवाला तोसुद्धा.

सूटवाला पुटपुटला. मदिना थांबून राहिली. मग त्यानेही मोठ्याने म्हटलं.

माझा राग अजून उतरलेला नाही. उतरू देणारही नाही.

सोस्लान, मित्रा, सुखाने जा.