नाना पिकायची वाट पाहत राहिले

मंडळी, आज धुळ्याहून येताना एसटीत मी चक्क गप्प बसलो. आमच्या घरी यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पिंपळनेरचे नाना म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे काका. फार वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शिबिरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांतली भिंगं काढली, तेव्हापासून नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. गेल्या वर्षी पुन्हा अंधूक दिसू लागलं, पण नाना कोणाला काही बोलले नाहीत. उजवा डोळा पार गेला, तेव्हा बोलले.

आज डाव्याला लेसर द्यायचं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?"

"पिकाले येळ लागस ना, म्हनीसन थांबनू." मोतीबिंदूच्या वेळी त्यांना हेच सांगितलं होतं, पिकला की या.

"नाना, भिंगच काढलंय, आता पिकणार काय? हा काचबिंदू आहे. लेसरनं डोळ्यातला दाब उतरेल, आहे ती नजर कदाचित टिकेल. गेलेली येणार नाही."

नानांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "जवाईबापू, येवर बसू नका बरं."

परतताना त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती आणि मुठीत माझी बाही. साक्री गेल्यावर हळूच म्हणाले, "पट्टी काढावर बठ्ठं दिखी ना, जवाईबापू?" मोतीबिंदूच्या वेळी पट्टी काढल्यावर सगळं दिसलं होतं तसं.

नेत्र, लोचन, चक्षू, नयन. डोळ्याला संस्कृतातले इतके शब्द मला येतात, पण नानांना द्यायला एकही सापडला नाही. मी त्यांचा चष्मा पुसत बसलो.

पट्टी उद्या निघेल. तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं?