जासूसभाऊंचा शक

चहाचा कप हातात आला की जासूसभाऊ आधी तो उचलून बशीत पाहायचे. तिथे काय सापडणार होतं, देव जाणे. सायकलला दोन कुलपं लावायचे आणि तरीही दर पाच मिनिटांनी मान लांब करून ती जागेवर आहे ना, ते पाहायचे. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत, मग कॉम्प्युटर आले तसे वडशातल्या सगळ्या कॉम्प्युटरचे डॉक्टर झाले. जासूसभाऊ हे नाव आम्हीच ठेवलं होतं. त्यांना ते आवडायचं.

वडशात माझं टायपिंगचं दुकान होतं. दिवाळीनंतर नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू झाला की हँडबिलं आणि पोस्टर करता करता आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. वंदना आमची ऑपरेटर. आरमोरीहून रोज बसने यायची, सकाळी दुकान तीच उघडायची. मराठी टायपिंगचा तसा हात मी पुन्हा पाहिला नाही.

त्या हंगामात मशीनमध्ये स्पायवेअर शिरलं. इंटरनेट जोडलं की स्क्रीनवर आपोआप खिडक्या उघडायच्या आणि त्यांतली चित्रं चारचौघांत पाहण्यासारखी नसायची. एका कंपनीचे मॅनेजर वंदनाशेजारी बसून हँडबिल तपासत होते, तेव्हाच तशी एक उघडली. ते उठून गेले. वंदना मान खाली घालून बसून राहिली.

जासूसभाऊंनी मशीन पार धुऊन काढलं. तीन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा साफ केलं, पुन्हा हजर. तिसऱ्या वेळी त्यांनी मला समोरच्या पानठेल्यावर नेलं.

"हे आपोआप येत नाई गा. कोणीतरी आणून राह्यलं. सकाळी दुकान कोण खोलते?"

"वंदना तशी पोरगी नाई, भाऊ."

"तशी कोणीच नसते. बिगाड घरातलाच रायते."

मी त्यांना हसलो खरा, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी लवकर येऊन काचेतून आत डोकावू लागलो. तिला ते कळायला वेळ लागला नाही. चौथ्या दिवशी तिने दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली.

"दादा, मले विचारलं असतं तं सांगतलं असतं. लपून काऊन पाह्यता?"

ती गेली, आणि मी तिला थांबवलं नाही. मीच तिला दुकानातून काढलं असं समजून आरमोरीत लोक तिच्याबद्दल काय काय बोलतात, ते माझ्या कानावर आलं. तरीही मी गप्प राहिलो.

वंदना गेल्यावर आठवड्यातच खिडक्या परत आल्या. या वेळी जासूसभाऊंनी मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः साफ केलं. मराठी फॉन्टशिवाय हँडबिल होत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे आपल्या पेन ड्राइव्हमधून फॉन्ट घातले आणि नेट जोडलं. त्यांच्या डोळ्यांदेखत खिडकी उघडली.

त्यांनी पेन ड्राइव्ह काढून हातात धरला. गावभरच्या मशीनना लागणारा तो पेन ड्राइव्ह त्यांनी कधी तपासलाच नव्हता.

"मीच आणून राह्यलो होतो," ते म्हणाले. "चाल, आरमोरीले."

वंदनाच्या अंगणात तिचे वडील मासेमारीचं जाळं विणत होते. त्यांनी खाट पुढे केली, पण जासूसभाऊ बसले नाहीत. शेजारपाजारच्या बाया दारात येतील एवढ्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "घाण माह्या हातानं आली. पोरीचा काई दोष नाई. मी चुकलो."

जासूसभाऊ आज नाहीत. त्यांच्या संशयी स्वभावाला आम्ही जन्मभर हसलो, पण चूक अशी भर अंगणात कबूल करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. मी त्यांच्या मागे उभा होतो आणि मला तेवढंही जमलं नाही.

वंदना दारातच उभी होती. तिने त्यांना पाणी दिलं.

"तुमचं काई नाई, भाऊ," ती म्हणाली. "तुमी तं सगळ्यायवरच शक घेता. दादा मले वळखत होते."