मुठीतलं रक्त

त्याला सगळे बर्फ्या म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. काम एकच. अतिदक्षता विभागात काढलेलं रक्त अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. एक जिना खाली, एक जिना वर, मधे दोनशे बारा पावलं. ती पावलं तो एकोणीस वर्षं चालला. कधी पळाला नाही, कारण पळालं की रक्त घुसळून नासतं. कधी रेंगाळला नाही, कारण रेंगाळलं तरी ते बिघडतं. हातात निळा डबा, डब्यात बर्फाचा चुरा, आणि चाल अशी की जणू काठोकाठ भरलेलं भांडं नेतोय.

पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याला बर्फाचं कारण सांगितलं होतं. त्याने ते मनात जपून ठेवलं होतं आणि कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा. रक्त अंगातून बाहेर आलं म्हणून लगेच मरत नाही. सिरिंजमध्येही ते जिवंत असतं, आपलं खातं-पितं आणि लॅक्टेट नावाचं एक आंबट द्रव्य सोडत राहतं. माणसाच्या रक्तात जंतूंचं विष भिनलं, अंगाला प्राणवायू पुरेनासा झाला, की हेच द्रव्य वाढतं. डॉक्टर त्याचा आकडा बघतात आणि माणूस कुठल्या दिशेला चालला आहे ते ओळखतात. बर्फात ठेवलं तर रक्त गप्प झोपतं. उघड्यावर ठेवलं तर आकडा आपोआप चढतो, आणि माणसाची प्रकृती आहे त्याहून वाईट दिसते. नवीन आलेल्या कामगारांना बर्फ्या हे सांगताना आवाज असा खाली आणायचा, जणू पाळण्याशेजारी उभा आहे. त्यावरून त्याची टिंगलही व्हायची. जोडीदार मिशीवाला म्हणायचा की याच्या बायकोला ताप आला तर हा तिला डब्यात बसवेल.

त्या कामगारांत एक रीत होती, कुठेही लिहिलेली नव्हती. आपल्या माणसाचं रक्त आपण न्यायचं नाही. दुसऱ्याने न्यायचं.

कामाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची थोरली बहीण आजारी पडली. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं होतं. मुतखडा अडकला, लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला, आणि दोन दिवसांत ती अतिदक्षता विभागातल्या सहाव्या खाटेवर, तोंडात श्वासाची नळी घेऊन पडली. बाहेरच्या बाकावर दाजी आणि भाची. दाजी बोलणारे नव्हते. भाची दर तासाला विचारायची, मामा, तुला तर आतलं कळतं, काय म्हणतायत? मामाला आतलं काहीच कळत नव्हतं. आयुष्यभर त्याने आकड्यांचा कच्चा माल वाहिला होता, आकडा कधी वाचला नव्हता.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या दोन वर्षं अशाच रोग्यांच्या रक्तातले आकडे गोळा करत होत्या. लॅक्टेट एक, जंतुसंसर्गाबरोबर वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन दुसरं, आणि आणखी दोन-तीन. त्यातून त्या एक अंदाज काढायच्या की अशा शंभर रोग्यांपैकी किती वाचतील. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दाजींना सांगितलं की ताईची मूत्रपिंडं बंद पडली आहेत, रक्त गाळायचं यंत्र लावावं लागेल. पण लॅक्टेट चढतं असेल तर यंत्राने हालच वाढतील. सकाळी ते तीन पूर्णांक एक होतं. आत्ता परत बघू आणि मग ठरवू.

मिशीवाल्याची दाढ सुजली होती, तो घरी होता. दुसरं कुणी नव्हतं. परिचारिकेने सिरिंज बर्फ्याच्या डब्यात ठेवली आणि त्याने डबा उचलला.

जिना उतरून तो अंगणाच्या कोपऱ्यातल्या बाकापाशी आला आणि पहिल्यांदाच थांबला. त्याच्या मनात आलं की हे रक्त जोवर पोचत नाही, तोवर आकडा नाही, आणि आकडा नाही तोवर ताई आहे. तो बसला. मग त्याने डबा उघडला. सिरिंज गार पडली होती. लहानपणी शाळेत सोडताना ताई त्याचं बोट धरायची, तिचा हात नेहमी ऊन असायचा. त्याने सिरिंज बाहेर काढली आणि मुठीत धरली. किती वेळ, ते त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. उन्हाचा पट्टा बाकाच्या एका टोकाला होता, तो दुसऱ्या टोकाला गेला होता एवढंच त्याला आठवत होतं. भानावर आला तेव्हा सिरिंज कोमट झाली होती. त्याने ती परत बर्फात खुपसली, आणि नेहमीच्या चालीने जाऊन देऊन टाकली.

आकडा आला चार पूर्णांक सहा.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे धरला. सकाळी शंभरातले पन्नास होते, आता तीस. दाजी कागद परत देत हळूच म्हणाले की तिला यंत्राला जुंपायला नको, फार सोसलंय तिने. भाची भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बर्फ्या दारात होता. त्याच्या डोक्यात सगळा गुंता झाला. आकडा चढला तो ताईच्या अंगात की त्याच्या मुठीत? थोडा इथे, थोडा तिथे? आणि बोललो तर खरं बोलतोय, की ती जाऊ नये म्हणून सबब काढतोय? एकोणीस वर्षांत त्याचा एकही नमुना परत आला नव्हता. हे तो मिशीवाल्याला ऐकवायचा, बायकोला ऐकवायचा, ताईलाही ऐकवलं होतं.

"बाई, तो आकडा माझा आहे," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. मग त्याने बाक, मूठ, उन्हाचा पट्टा सगळं सांगितलं. दाजी उठून उभे राहिले. त्यांचा आवाज घरात कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता, तो तेव्हाही चढला नाही.

"तिच्या रक्ताशी खेळत बसलास होय रे तू?"

डॉक्टरीणबाईंनी मात्र एवढंच विचारलं की मूठ किती वेळ. त्याला सांगता येईना. त्यांनी परत रक्त काढायला लावलं आणि या वेळी डबा स्वतः उचलला. त्या पळत गेल्या. पळू नये, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

नवा आकडा तीन पूर्णांक सहा. सकाळपेक्षा वर, मघापेक्षा खाली. तेवढ्यात दुसरा कागद आला, प्रोकॅल्सिटोनिन निम्म्यावर उतरलं होतं. एक आकडा म्हणतो बिघडतंय, दुसरा म्हणतो सुधारतंय. डॉक्टरीणबाईंनी हिशेब केला आणि म्हणाल्या, शंभरातले पंचेचाळीस.

"म्हणजे वाचेल की नाही?" दाजींनी विचारलं.

त्या म्हणाल्या की कागद शंभर बायकांबद्दल सांगतो, तुमच्या एकीबद्दल सांगत नाही. दाजींनी बर्फ्याकडे पाहिलं, जणू त्या शंभरजणी यानेच कुठेतरी लपवल्या आहेत. शेवटी भाचीच बोलली. लावा यंत्र, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंनी नाकारलेल्या नमुन्यांची वही बर्फ्यापुढे ठेवली. त्याने रकान्यात सही केली. कारणाच्या जागी काय लिहावं हे दोघांनाही सुचेना. बाईंनी शेवटी 'उशीर' लिहिलं. त्याच आठवड्यात पाचव्या खाटेवरचा माणूस गेला. त्याला कागदाने शंभरात ऐंशी दिले होते.

ताईची नळी नवव्या दिवशी निघाली. साध्या वॉर्डात आणल्यावर तिचा आवाज घोगरा झाला होता, पण जीभ जाग्यावर होती. बर्फ्या खाटेशी उभा राहिला, बसला नाही. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही म्हणते, मामामुळे वाचलीस. हे म्हणतात, त्याने मारलीच होती. खरं काय रे?"

त्याने खूप विचार केला. मुठीतला आकडा, डॉक्टरीणबाईंचा कागद, पाचव्या खाटेवरचा तो माणूस. काहीच एकमेकाला जुळेना.

"मलाही नाही कळलं, ताई."

"बरं," ती म्हणाली. "मग उशी तरी जरा वर घे."